अठरा अंशांची खोली

मागच्या खोलीतला आकडा अठरावरून एकोणीसवर गेला, की शांभवी हातातलं काम टाकून उठायची. तव्यावर भाकरी असली तर ती उलटायची, गॅस बारीक करायची, पण उठायची. फ्रीजरमधून बर्फ झालेल्या दोन बाटल्या काढायच्या, ओढणीखाली धरायच्या, मागं जायचं, टबातल्या वितळलेल्या बाटल्या काढून या सोडायच्या. मग उकिडवं बसून आकड्याकडं बघत राहायचं. एकोणीस. एकोणीस. बराच वेळ एकोणीसच. मग अठरा. तेव्हा कुठं तिचा जीव खाली बसायचा.

खोली लहान. एकच खिडकी, तीही बोळाकडं उघडणारी. भिंतीला धान्याचे पत्र्याचे दोन डबे, सासऱ्यांची जुनी ट्रंक, आणि मधोमध कपडे भिजवायचा निळा टब. टबात पाणी, पाण्यात वीस लिटरचा पांढरा डबा, डब्याला गुंडाळलेलं ओलं धोतर आणि समोर घुमणारा टेबलफॅन. थर्मामीटरचं टोक डब्याच्या अंगाला चिकटवलेलं. झाकणातून निघालेली एक बारीक नळी पाण्याच्या बाटलीत बुडालेली, आणि त्या बाटलीत सारखा बुडबुडा फुटायचा. बुडूक. बुडूक. आत कुणीतरी कोंडलंय आणि हळू हातानं दार वाजवतंय, असा आवाज.

डब्यात बिअर होती.

रत्नव्वाच्या घरात बिअर. ज्या घरात अंड्याचं टरफल कधी पडलं नाही, जिथं सकाळी कपाळाला विभूती लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा होत नाही, त्या घरात. रत्नव्वा म्हणजे शांभवीची सासू. नवरा बसवेश मस्कतला बंदरात नोकरीला. लग्न होऊन आठवडा झाला आणि तो गेला, सहा महिन्यांत तुला नेतो म्हणाला. त्याला आता तीन वर्षं झाली. तो वर्षातून एकदा यायचा, पंधरा दिवस राहायचा, आईच्या गुडघ्याला तेल आणायचा, आणि जाताना दर वेळी एकच सांगायचा, आईला एकटी टाकून कुठं जाऊ नको.

वाईट कुणीच नव्हतं, हीच तर अडचण होती. रत्नव्वा कधी तिला टाकून बोलली नाही. आंघोळीचं पाणी आधी सुनेला काढून ठेवायची. चटणी कुटली की पहिला घास हिच्या तोंडात. कसबा बावड्यातलं ते नवं घर, पुढं उसाची शेतं, मागं कारखान्याची चिमणी, आणि मध्ये या दोन बायका. मायेला कुलूप नसतं, म्हणून ते उघडताही येत नाही, असं शांभवीला अलीकडं वाटायला लागलं होतं.

लग्नाआधी ती चार वर्षं पुण्यात होती. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, आणि जिथं बिअर करून तिथंच विकतात अशा एका ठिकाणी टाक्या सांभाळायची. स्थळ आलं तेव्हा खाद्यपदार्थांच्या कंपनीत आहे, एवढंच सांगितलं गेलं. बसवेशला खरं ठाऊक होतं. तो हसला होता, आता ते संपलं म्हणाला होता. तो सहज म्हणाला, आणि ते खरंच संपलं.

मग मार्चमध्ये मोनाचा फोन आला. मोना पुण्यात तिच्या वरची. ती आता गोव्यात स्वतःचा छोटा कारखाना काढत होती आणि तिला टाक्यांवर विश्वासाचं माणूस हवं होतं. भागीदार मात्र अडून बसले होते. तीन वर्षं जिचा हात लागला नाही, तिचा हात राहिलाय कशावरून, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मोनानं सुचवलं, एक डबा घरी कर, साधी, फिकी, निर्मळ बिअर कर. जिच्यात फळाचा वास नाही, करपलेल्या माल्टची चव नाही, काहीच लपत नाही अशी. मेच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्याहून गोव्याला जाताना कोल्हापुरात थांबते, चाखते, पाच बाटल्या घेऊन जाते. त्या रविवारी भागीदार ठरवतील.

परवान्याशिवाय घरात असलं करायचं नसतं, हे शांभवीला ठाऊक होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्या हाताबद्दल विचारलं होतं.

रत्नव्वा मठात प्रवचनाला गेली होती, त्या दुपारी तिनं मोठ्या पातेल्यात माल्ट शिजवला. जवाचा गोड भाजका वास घरभर पसरला, पण बावड्याला गोड वासाचं काय कौतुक. सगळा गाव कारखान्याच्या मळीच्या वासात वाढलेला. मठातून परतल्यावर दाराशी उभी राहून रत्नव्वानं एवढंच विचारलं, काय शिजवलंस. आणि शांभवीच्या तोंडून निघून गेलं, "जवाची आंबील हाय अव्वा. औषधाची. तुमच्या गुडघ्याला."

का बोलली ती गुडघ्याचं? कदाचित त्याच क्षणी रत्नव्वा चौकटीला हात टेकून, एक पाय ओढत आत आली म्हणून. खोटं बोलायला जागा शोधावी लागते, आणि समोर तो सुजलेला गुडघा होता.

रत्नव्वाचा चेहरा उजळला. तिनं डब्यावर हात फिरवला. किती दिवस लागतील विचारलं. महिना, शांभवी म्हणाली. टबातलं पाणी कशाला? मुंग्या चढू नयेत म्हणून. फॅन? वास कोंडू नये म्हणून. एका खोट्याला दुसरं टेकू लागतं, दुसऱ्याला तिसरं. खरं एकच होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं, की या डब्याला गारवा हवा. चैत्रातलं ऊन अडतीसवर चढलेलं. आणि डब्यातलं यीस्ट स्वतः कामाला लागलं की आतून आणखी दोन-तीन अंश तापतं. अठरात ते सावकाश, नीट काम करतं. पंचविसाच्या वर गेलं की घाईला येतं, आणि त्या घाईत असं काही करून ठेवतं, ज्याला नेलपॉलिशसारखा वास येतो, जे घशाखाली गरम उतरतं, आणि जे मग किती थंड केलं, किती दिवस ठेवलं, तरी जात नाही. पहिले तीन दिवस सांभाळले की जिंकलं.

पहिला दिवस तिनं सांभाळला. दर चार तासांनी बाटल्या. कारखान्याच्या भोंग्यावर तिचं घड्याळ बांधलेलं. रत्नव्वा पुढच्या खोलीत वाती वळत बसलेली असायची आणि सवयीनं गुणगुणायची.

"गाडगं आंबीलीचं, त्याला ऊब वाकळंची,
लेक सासराला गेली, खूण ऱ्हायली काकणांची."

शांभवीनं ऐकलं, पण तेव्हा तिनं त्यात काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याला रत्नव्वाच्या भावाच्या नातीचा साखरपुडा होता. जायचं ठरलं होतं रत्नव्वाचं. भाचा आदर्श गाडी घेऊन सकाळी आठला दारात उभा राहिला, आणि रत्नव्वाचा गुडघा पलंगावरून खाली उतरेना. घरातलं कुणीतरी जायलाच पाहिजे, माहेरच्या माणसांत मान जाईल, असं ती म्हणाली. तिचं म्हणणं रास्तच होतं. शांभवीकडं नकाराला एकही कारण नव्हतं. म्हणजे एक होतं, ते टबात होतं. तिनं फ्रीजरमधल्या सगळ्याच बाटल्या, सहाच्या सहा, पाण्यात सोडल्या. आकडा सतरावर आला. दोन तासांचं काम, साडेअकराला परत, असं मनाशी मोजलं आणि गाडीत बसली.

कोल्हापुरी घरातलं दोन तासांचं काम. साडेदहाला विधीचे जंगमस्वामी यायचे ते बाराला आले. साखर वाटली, ओट्या भरल्या. आता निघते म्हणाली तर आदर्शची गाडी नवऱ्याकडच्या मागाहून येणाऱ्या पावण्यांना आणायला स्टेशनवर गेलेली. एस.टी.नं जाते म्हणाली तर सगळ्या हसल्या. रत्नाक्काची सून आणि एस.टी.नं, बिनजेवणाची? एक आजी तर म्हणाली, घरात काय तान्हं सोडून आलीस व्हय गं, एवढी तगमग करायला. बायका खो खो हसल्या. शांभवीही हसली. तान्हंच होतं. त्याला ताप चढत होता.

जेवणं होतात न होतात तोच कासार आला. आलेल्या प्रत्येक सवाष्णीला हिरवी काकणं. तिच्यापुढं अकरा जणी होत्या. तिनं आपला नंबर शेवटी घ्या म्हणून सांगितलं, तर कुणीतरी मायेनं तिला ओढून मध्ये बसवलं. कासारानं तिचा डावा हात पकडला, मुठीसारखा दाबला, आणि एकेक काकण चढवायला लागला. डावा हात भरला आणि काकणं संपली. पोरगा गावात आणायला गेला. एक हात भरलेला आणि एक मोकळा, असं सवाष्णीनं उठायचं नसतं. ती बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. सहा बाटल्यांचं आता कोमट पाणी झालं असेल. बावीस असेल. तेवीस असेल. उजवा हात मांडीवर ठेवून ती अंगणातल्या उन्हाकडं बघत होती, आणि ते ऊन जणू तिच्याच डब्यावर पडत होतं.

साडेसहाला ती घरी पोचली. चप्पल काढायचंही भान नव्हतं. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. तिनं ते लावलेलं नव्हतं.

आत फॅन बंद. खिडकी बंद. टबातलं पाणी तांब्यातांब्यानं उपसून काढलेलं, सहा बाटल्या भिंतीशी ओळीनं मांडलेल्या. आणि डब्याला, तळापासून झाकणापर्यंत, रत्नव्वाची वाकळ गुंडाळलेली. तिच्या जुन्या इरकली लुगड्यांची, सात थरांची, लग्नात माहेराहून आलेली. वरून सुतळीनं बांधलेली, बाळ बांधावं तशी. नळीतून फेस उसळून बाहेर आला होता आणि वाकळीच्या लाल काठावर पिवळट वाळला होता.

शांभवीनं सुतळी सोडली. आकडा एकतीस.

मागनं पाय ओढत रत्नव्वा आली. तिच्या तोंडावर लहान पोरीसारखा आनंद होता. ती सांगत होती, दुपारी बघाय आलो तर डबा बर्फागत गार. म्हटलं, गारठून मेलं की हे, आंबंल कसं? पोरगी शिकल्याली लई, पर आंबवायचं ठावं न्हाय. सगळं गार पाणी काढलो, दार लावलो, वाकळ घातली. तासाभरात काय उसळलंय म्हणतीस. हे सगळं तिनं केलं होतं त्या सुजल्या गुडघ्यानं, वाकून, तांब्यातांब्यानं.

आकडा एकतीसच दाखवत होता. शांभवीनं तोंड उघडलं. काय म्हणणार होती ती? हे आंबील नाही, याला गारवा लागतो, मला इथून जायचंय?

"बरं झालं अव्वा," ती म्हणाली.

मग रत्नव्वा झोपल्यावर तिनं परत पाणी भरलं, शेजारच्या दुकानातून आणलेला बर्फ टाकला, आणि सकाळपर्यंत आकडा अठरावर आणला. त्याला आता अर्थ नव्हता, हे तिला ठाऊक होतं. जे व्हायचं ते त्या सहा तासांत झालं होतं. तरी ती पुढचे बारा दिवस बाटल्या बदलत राहिली. दुसरा डबा लावायला वेळ नव्हता. दोन आठवडे आंबायला, दोन आठवडे बाटलीत मुरायला. मोनाला कळवायचं धाडसही झालं नाही. कदाचित आपल्याच नाकाला जास्त वाटत असेल, कदाचित मुरेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. आशा धरणं हे त्या दिवसांत तिचं काम होऊन बसलं होतं.

इकडं रत्नव्वाला औषधाची घाई. रोज विचारायची, झालं का. शेवटी शांभवीनं जव उकळले, सुंठ टाकली, गाळून पितळी फुलपात्रात दिलं. रत्नव्वानं डोळे मिटून पिलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, गुडघा हलका पडलाय. आठव्या दिवशी तिनं सोप्यापासून फाटकापर्यंत दोनदा जाऊन दाखवलं. मग शेजारच्या बयाबाई रिकामी बाटली घेऊन आल्या, रत्नाक्कांनी सांगितलंय तुझ्या औषधाचं, मला कमरेसाठी दे जरा. शांभवीनं त्यांनाही सुंठेचं पाणी दिलं. त्या दिवशी तिला कळलं, की या घरातून ती आता गेली तरी तिचं खोटं इथंच राहणार, रोज सकाळी उकळत.

मेच्या सहा तारखेला दुपारी मोना आली. उंच, केस कापलेली, गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवणारी. रत्नव्वाला तिनं वाकून नमस्कार केला, रत्नव्वानं तिला बस म्हटलं आणि चहा टाकायला गेली. शांभवी मोनाला मागच्या खोलीत घेऊन आली. ट्रंकेवर काचेचा ग्लास ठेवला, बाटली उघडली. रंग सुरेख होता, कोवळ्या उसाच्या रसासारखा. फेस पांढरा, दाट. मोना खूश झाली. मग तिनं ग्लास नाकाशी नेला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही.

"तापली कधी?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी."

"किती?"

"एकतीस."

"दुसऱ्या दिवशी एकतीस. तू कुठे होतीस?"

शांभवीच्या जिभेवर सगळं आलं होतं. हातकणंगले, काकणं, वाकळ. एका वाक्यात ती सुटली असती. पण स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या, आणि ती वाकळ घालणारे हात तिथं होते.

"झोप लागली मला," ती म्हणाली.

मोनानं तिच्याकडं पाहिलं. "शांभवी, टाकी चालू असताना तुला झोप लागत नाही. मी चार वर्षं पाहिलंय. आणि लागली असेल, तर मग मी भागीदारांना काय सांगू? तिथे बारा टाक्या आहेत."

शांभवीनं बाटलीचं झाकण परत लावलं. खिडकीच्या गजांतून बोळातलं ऊन आत येत होतं.

"वाकळ मी घातली हुती."

दारात रत्नव्वा उभी होती, दोन्ही हातांत चहाचा ट्रे धरून. ती मोनाकडं बघत बोलत होती. "मला वाटलं, गारठलंय. ही गावाला गेलती, मीच धाडलतो. आल्यापास्नं रोज उठून बाटल्या बदलत हुती पोरगी. झोप लागली म्हणू नगा तिला." मग ती शांभवीकडं वळली. "काय हाय गं ह्ये?"

"बिअर, अव्वा."

"म्हंजे दारू."

"व्हय."

 रत्नव्वानं ट्रे धान्याच्या डब्यावर ठेवला. तिचा हात छातीवरच्या लिंगाशी गेला आणि तिथंच राहिला. "आन मी पीत हुतो त्ये?"

"ते जवाचं पाणी. सुंठ घातलेलं. देवाशपथ, त्यात दुसरं काही न्हाय."

रत्नव्वाचा दुसरा हात गुडघ्यावर गेला. मग तिनं जे विचारलं, त्यानं शांभवीचे डोळे भरून आले.

"मग गुडघा कशानं बरा झाला?"

"न्हाय झालेला अव्वा. तुम्हाला वाटलं."

मोनानं जाताना त्या बाटल्या घेतल्या नाहीत. या मी त्यांना देणार नाही, दिल्या तर तुझं नाव कायमचं जाईल, म्हणाली. फाटकाशी उभी राहून तिनं एवढंच सांगितलं, की टाक्या जूनअखेर येतील, तोवर मी जागा धरून ठेवते, पण पुढचा डबा स्वच्छ हवा. तिसरी संधी तिच्याही हातात नव्हती.

त्यानंतर तीन दिवस रत्नव्वा बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठायची, पूजा करायची, भाकरी खायची, सुनेचं आंघोळीचं पाणी काढायची. फक्त बोलायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं वाकळ नळाखाली घेतली आणि फेसाचा डाग दगडानं घासून घासून काढला. भिजलेली वाकळ दोघींनाही उचलेना. दोघींनी दोन टोकं धरून, न बोलता पिळली आणि दोरीवर टाकली. बसवेशचा फोन आला तेव्हा शांभवीनं घाबरून मोबाइल सासूच्या हातात दिला. रत्नव्वानं मुलाला तिकडच्या उन्हाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. बिअरचं नाव काढलं नाही. ते ऐकताना शांभवीला कुणी हातपाय बांधून टाकावेत तसं झालं. तिचं गुपित आता सासूच्या पदरात होतं, आणि सासू ते जपत होती. यातून सुटणार कशी?

तिनं डबा धुतला, नळ्या गुंडाळल्या, सगळं ट्रंकेत भरलं. झाकण लावत होती, तेव्हा मागनं आवाज आला.

"किती गार लागतं त्येला?"

शांभवी वळली नाही. "अठरा."

"अठरा म्हंजे किती? माटातल्या पाण्यागत?"

"त्याहून थोडं गार."

रत्नव्वा धान्याच्या डब्याला टेकली. मग सावकाश, तुटक तुटक सांगत गेली. संकेश्वरजवळ तिच्या बापाचा पानमळा होता. चैत्रात पानाच्या करंड्या बाजाराला जायच्या, दोन दोन दिवस उन्हात. केळीचं पान, वर ओलं फडकं, वर ओलं पोतं, आणि दर तासाला पाणी मारायचं, जास्त नाही, कमी नाही. जास्त झालं तर पान सडतं, कमी झालं तर पिवळं पडतं. ते काम लहानपणी तिचं असायचं. गार राखाय मला शिकवू नगं, म्हणाली. अठरा लागतंय म्हणून पयल्या दिवशी सांगितलं असतंस, तर राखलं असतं की.

"अव्वा, दारू हाय ती."

"डब्याला मी हात लावणार न्हाय." रत्नव्वानं बोट वर केलं. "पाण्याला लावीन. पाणी काय बाटत न्हाय." आणि जरा थांबून, "पर माझ्या गुडघ्याचं नाव पुन्हा घ्यायचं न्हाय. त्ये बरं न्हाय केलंस."

शांभवीनं मान हलवली. ट्रंक पुन्हा उघडली.

दुसरा डबा मेच्या मध्यावर लागला. या वेळी लपवायचं काही नव्हतं, आणि तरी घर पहिल्यापेक्षा लहान वाटत होतं. रत्नव्वानं मागच्या खोलीच्या दारात पाट मांडला. ओली पोती टबाभोवती लावली, खिडकीला भिजवलेलं लुगडं बांधलं, आणि पाटावर बसून आकडा वाचायची. आकडे तिला चांगले यायचे, दुधाच्या रतिबानं शिकवलेले. शांभवी स्वयंपाकघरात असली तरी तिथून आवाज यायचा, अठरा. अर्ध्या तासानं पुन्हा, अठरा. एकोणीस कधी आलंच तर, बाटल्या आण.

तिसऱ्या दिवशी, ऐन उसळीच्या दुपारी, बसवेशचा फोन आला. शांभवीनं त्याला गोव्याचं सांगितलं. मोना, टाक्या, जूनअखेर, सगळं. पलीकडनं तेच, आईला एकटी टाकून? पाटावरून रत्नव्वानं हात पुढं केला. मोबाइल कानाला लावला.

"मी कुणाला धरून ठेवल्यालं न्हाय बसवेश," ती म्हणाली. "ठेवल्यालं हाय ते तू, तितं लांब बसून. आता फोन ठेव, मला काम हाय."

आणि तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवून टबाकडं पाहिलं. ओठ हलत होते. तेच जुनं गुणगुणणं, शब्द मात्र आजवर न ऐकलेले.

"पान राखलं राखलं, ओल्या फडक्यात बाई,
राखल्या गं पानाला मग मळ्याची सय न्हाई."

या वेळी शांभवीनं ऐकलं. आकडा अठरावर राहिला, तर ती जाणार होती. आणि तो अठरावर राखत होती ती ही बाई. एकेक अठरा म्हणजे गोव्याच्या वाटेवरचं एकेक पाऊल, हे या घरात दोघींनाही पाठ झालं होतं, आणि दोघीही बोलत नव्हत्या. पहिला डबा तिनं स्वतः सांभाळला तेव्हा दार बंद होतं आणि जीव बाहेर धावत होता. आता दार उघडं होतं आणि पाऊल उचलत नव्हतं.

ती बाटल्या घेऊन आली, तेव्हा तिचं लक्ष खाली गेलं. पाटाखालची फरशी पोत्यांच्या पाण्यानं चिंब होती. तीन दिवस त्या गारव्यात बसून रत्नव्वाचा गुडघा माठाएवढा सुजला होता. लुगडं वर घेऊन तिनं तो पाय लांब सोडला होता, दुखत असताना सोडतात तसा.

"उठा अव्वा," शांभवी खाली बसत म्हणाली. "बस झालं. मी बसते हितं. तुम्ही पलंगावर जावा."

रत्नव्वा हलली नाही. नळीच्या टोकाशी बुडबुडा फुटला. बुडूक. पुन्हा एक.

"आकडा सांग," ती म्हणाली.

शांभवीनं पाहिलं. तिला एकदा वाटलं, खोटं सांगावं. बावीस सांगावं, बिघडलं म्हणून सांगावं, आणि या बाईला उठवावं. या घरात तिला दुसरं काय येत होतं? उजव्या हातातली काकणं बाटलीवर वाजली.

"अठरा," ती म्हणाली.

"मग बस गप," म्हणून रत्नव्वानं ओलं पोतं पुन्हा टबाच्या अंगाला नीट लावलं.